शर्यतीचा नियम आणि छकड्याचा सुतार

२४ ऑगस्ट २०११ रोजी महाराष्ट्र सरकारने बैलगाड्यांच्या शर्यती, त्यांचा सराव आणि प्रदर्शन या सगळ्यावर बंदी घातली. त्याआधी सहा आठवडे, ११ जुलैला, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची अधिसूचना निघाली होती. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांना खेळासाठी शिकवायला आणि लोकांपुढे नाचवायला जी मनाई होती, तिच्यात बैलाची भर पडली. मूळ कायदा १९६०चा, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्या एका भरीने कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत माघ-चैत्रात उठणारी धूळ खाली बसली.

त्या वेळी बोलणारे पुष्कळ होते. बैलमालक बोलले, पुढारी बोलले, प्राणिमित्र बोलले, वकील तर बोललेच. ज्याने छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, घडवला तो मात्र कुठल्याच बातमीत नव्हता. माझं घर खालापूर तालुक्यातल्या सुतारांचं. वडिलांनी आयुष्यभर गाड्या केल्या. मी खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे शर्यतीकडे मी आजही चाकाच्या बाजूने पाहतो. तिथून पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. शर्यतीचा नियम बदलला की जिंकणारा दुसरं मैदान शोधतो, पण घडवणाऱ्याच्या हातातलं कामच जातं.

आमच्या भागात चाकाचा धंदा आला तोही वरून आलेल्या एका निर्णयाने. बोरघाटातून पूर्वी माल उतरायचा तो बैलांच्या पाठीवर. तांड्यांचे बैल मीठ वर न्यायचे आणि धान्य खाली आणायचे. १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी चाकाच्या गाड्या जातील असा घाटरस्ता खुला केला आणि पायथ्याची खोपोली गाड्यांचा मुक्काम झाली. नाना फडणवीसांच्या तलावाकाठी तांड्यांच्या जागी गाड्या सुटू लागल्या. पण तेव्हाच्या देशावरच्या गाड्या म्हणजे अवजड धूड. त्यांची चाकं अखंड लाकडाची, काही ठिकाणी चक्क दगडाची. एक गाडी ओढायला बैलांच्या कितीतरी जोड्या जुंपाव्या लागत. १८३०च्या दशकातच जमीन मोजणी खात्यातल्या गैसफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटने सोलापूरकडे टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला आणि आऱ्यांच्या चाकाची हलकी गाडी करायला सुरुवात केली. एका बैलजोडीला ओढता येणारी ही गाडी हळूहळू सगळ्या दख्खनभर पसरली. रस्ता होता म्हणून अशा गाडीला गिऱ्हाईक मिळालं, आणि गाडी होती म्हणून सुताराला.

पुढे रेल्वे आली. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत आले, १८५८ साली वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, आणि मधला घाट रिकामा राहिला. पाच वर्षं उतारू खोपोलीला आगगाडीतून उतरायचे, रस्त्याने घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. त्या पाच वर्षांत पायथ्याच्या गावांना गाडीचं काम भरपूर मिळालं असणार. मग १८६३ साली पळसदरीवरून घाटमार्ग सुरू झाला. सगळ्यात तीव्र चढावर १ फूट चढायला ३७ फूट वाट, २५ बोगदे. कर्जत मोठं जंक्शन झालं, खोपोली एका फाट्याच्या टोकाला पडली. तीस-पस्तीस वर्षांत या धंद्याला कोणी तिऱ्हाइताने उचललं आणि कोणी तिऱ्हाइताने खाली ठेवलं. गाड्यांना मग शेतातलं काम उरलं, म्हणजे भात, पेंढा, शेणखत आणि लाकूडफाटा, आणि त्यातच सुतार आणखी दीडशे वर्षं जगला.

चाक कसं घडतं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मधला गोल ओंडका म्हणजे तुंबा. त्यातून निघतात ते आरे. आऱ्यांच्या टोकांवर बसतात ते वाकदार पुठ्ठे, आणि सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. वडील तिवसाच्या लाकडाला फार जपायचे. तिवस चिवट असतो, धक्का पोटात घेतो, चटकन तडकत नाही. तुंब्याचं लाकूड सावलीत मुरत पडायचं, कारण ओलं लाकूड वापरलं तर पहिल्याच उन्हाळ्यात आरे खिळखिळे होतात. धाव चढवायचा दिवस म्हणजे सुतार आणि लोहार दोघांच्या कसोटीचा. धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी ठेवायचा, ती शेण्यांच्या आगीत लाल करायची, सांडशांनी उचलून चाकावर बसवायची आणि क्षणात पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि तुंबा, आरे, पुठ्ठे असे काही आवळले जातात की आतले सगळे सांधे एकजीव होतात. घेर जास्त ठेवला तर धाव निसटते, फार कमी ठेवला तर आरे वाकतात. हे माप कागदावर कुठेच नव्हतं. ते लोहाराच्या दोरीत होतं आणि वडिलांच्या नजरेत होतं.

शर्यतीचा छकडा ही वेगळी वस्तू. शेतगाडीला दहा-पंधरा वर्षं टिकायचं असतं. छकड्याला काही क्षण, पण ते क्षण फार वाईट असतात. भात कापून झालं, खाचरं वाळली, बांध फोडून ढेकळं बसवली की जी पट्टी तयार होते ती वरून सपाट दिसली तरी तिच्यात गेल्या पावसाळ्याच्या बैलांच्या खुरांचे खड्डे कडक होऊन बसलेले असतात. त्यावरून भरधाव जाताना चाक दर दोन हातांवर आदळतं. म्हणून आरे बारीक करायचे, पण संख्या कमी करायची नाही. धाव अरुंद ठेवायची, पण पातळ नाही. दांडीचं लाकूड हलकं, पण जूच्या जवळ भरीव. वजन आणि ताकद यांतली ही ओढाताण सुताराच्या डोक्यात सतत चालायची. गावदेवीच्या जत्रेला आमच्याकडे बहुतेक बिनजोड शर्यती होत. दोन छकडे समोरासमोर, एकाच धावेत निकाल, आणि जिंकणाऱ्यावर गुलाल. हरलेला मालक दुसऱ्या दिवशी आधी सुताराकडे येई, मग बैलाच्या वैद्याकडे.

बैलांचे बाजार ठरलेले. कार्तिकीला साजगाव-ताकईच्या बोंबल्या विठोबाची यात्रा, पौष पौर्णिमेला मुरबाडकडचा म्हसा. चिखलणीला डांगी बैल, कारण त्याला आमचा पाऊस मानवतो. पळायला खिलार, तो घाटावरून, माणदेशाकडून यायचा. आगरी आणि कुणबी घरांत खिलाराची जोडी म्हणजे इभ्रत. तिच्यासाठी घरातली माणसं एक वेळ कमी जेवत, पण बैलाची पेंड चुकत नसे.

बंदीला कारण नव्हतं असं मी म्हणणार नाही. पराणीच्या टोकाला लोखंडी आर असते, ती बैलाच्या मांडीत घुसताना मी पाहिली आहे. शेपटी पिरगळणं, चावणं, विजेचा झटका देणं, दारू पाजणं हे प्रकार होत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांनी तमिळनाडूतला जल्लिकट्टू हा बैलांचा खेळ आणि बैलगाडा शर्यती दोन्ही बेकायदा ठरवल्या, त्यामागे ही क्रूरता होती. या छळातून सुटणं हा मुक्या जनावराचा हक्क होता आणि तो कोणीतरी मागायलाच हवा होता.

पण त्यानंतर जे झालं ते घडवणाऱ्यासाठी बंदीपेक्षा वाईट होतं. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सूट दिली. १२ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली. जानेवारी २०१७ मध्ये तमिळनाडूत मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी आंदोलन पेटलं. त्यापाठोपाठ महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एप्रिलमध्ये स्वतःचा दुरुस्ती कायदा केला, राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. बैलाचं शरीर घोड्यासारखं शर्यतीसाठी घडलेलंच नाही, हा मुद्दा तिथे कळीचा ठरला. २०१८ साली प्रकरण घटनापीठाकडे गेलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर तात्पुरती परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

वकिलाला ही तारखांची यादी वाटेल. सुताराला ती दहा वर्षांची टांगणी होती. पूर्ण बंदी असती तर माणूस दुसरं काम धरतो. इथे दर वर्ष-दीड वर्षाने कोणीतरी सांगे, आता सुरू होणार. एका ओळखीच्या सुताराने २०१६च्या जानेवारीत त्या आशेवर लाकूड उचललं, आणि आठवडा संपायच्या आत गिऱ्हाईक परत फिरलं. मुरलेलं लाकूड आधी गुंतवलेला पैसा मागतं. उद्या नियम काय असेल हे माहीत नसताना तो कोणी गुंतवायचा? त्याने पुढे खिडक्यांच्या चौकटी करायला घेतल्या. त्याचा मुलगा कर्जतकडच्या फार्महाऊसांना फर्निचर करून देतो. छकडा त्या घरातून कायमचा गेला.

बैल घडवणाऱ्याचं म्हणजे पैदास करणाऱ्याचं गणित आणखी एका कायद्याने बिघडलं. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामागच्या श्रद्धेवर मी बोलत नाही, हिशोबावर बोलतो. म्हातारा बैल विकून पुढच्या जोडीची निम्मी रक्कम उभी करणारा शेतकरी आता तो बैल मरेपर्यंत पोसणार होता, आणि तरुण बैलाला शर्यतीचं गिऱ्हाईक नव्हतं. पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर तर आधीच खाचरात उतरले होते. २०१२ आणि २०१९च्या पशुगणनांच्या दरम्यान देशभरातले गाय-वर्गातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. हे सगळं शर्यतबंदीमुळे झालं असं म्हणणारे बैलमालक अर्धंच सांगतात. मोठा वाटा यंत्रांचा आहे. पण खिलारासारखी जात, जिची किंमत तिच्या वेगात आहे, तिला ही दहा वर्षं जड गेली हे त्यांचं म्हणणं खरं आहे.

माझा पुतण्या चाकणला मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्यामुळे मला फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या मोटारशर्यतीची गोडी लागली. तिथे सलग एक दिवस आणि एक रात्र गाडी पळवायची, ड्रायव्हर बदलतात, गाडी तीच. ती शर्यत पाहताना मला राहून राहून आमच्या सुतारांची आठवण येते, कारण तिथेही नियमाने कारखाने उठतात आणि बसतात. १९६८ साली तिथल्या प्रोटोटाइप गाड्यांच्या इंजिनावर ३ लिटरची मर्यादा आली. ५ लिटरचं इंजिन हवं असेल तर तशा ठरावीक संख्येने गाड्या बनवून दाखवायच्या. ती संख्या आधी ५० होती, मग २५ झाली. पोर्शे कंपनीने १९६९च्या एप्रिलमध्ये खरोखरच २५ गाड्या ओळीने उभ्या करून तपासनिसांना दाखवल्या. ती गाडी म्हणजे ९१७. तिने १९७० आणि १९७१ साली ल माँ जिंकली. १९७२ साली सरसकट ३ लिटरचा नियम आला आणि ही गाडी त्या मैदानातून एका फटक्यात बाद झाली.

पण पोर्शेकडे अमेरिका होती. तिथल्या कॅन-ॲम शर्यतीत इंजिनावर मर्यादा नव्हती. ९१७ला टर्बो बसवून त्यांनी १९७२ आणि १९७३ साली तिथे बाजी मारली. आमच्या सुताराला अशी अमेरिका नव्हती. दुसरा फरक त्याहून मोठा. आज ल माँमध्ये ज्याला हायपरकार वर्ग म्हणतात, त्याचे नियम ठरताना मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांशी वाटाघाटी झाल्या, खर्च किती झेपेल ते विचारलं गेलं, आणि नियम किती वर्षं टिकेल याचं आश्वासन मिळालं. त्या भरवशावर ५० वर्षांनी फेरारी वरच्या वर्गात परतली आणि जून २०२३ मध्ये, शर्यतीच्या शताब्दी वर्षात, जिंकली. आपल्या घटनापीठाचा निकाल त्याच्या सुमारे तीन आठवडे आधीचा. पुतण्याबरोबर ती शर्यत पाहताना मला प्रश्न पडला की आमच्या शर्यतीचे नियम लिहिताना कोणी एखाद्या सुताराला, लोहाराला बोलावलं होतं का.

नव्या नियमांनी शर्यत बदलली आहे, आणि पुष्कळ अंगांनी चांगली बदलली आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं. चाबूक, काठी, पराणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. १ हजार मीटरपेक्षा लांब पल्ला ठेवता येत नाही. मोडणाऱ्याला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. आमच्या बिनजोडीला पल्ल्याच्या मर्यादेने फरक पडला नाही, ती मुळातच आखूड. सांगली-कोल्हापूरकडे रस्त्यावरून काही किलोमीटर पळणाऱ्या शर्यती होत्या, त्यांचं सगळं रूप त्यामुळे पालटलं. दम धरणारा, शेवटच्या टप्प्यात पुढे येणारा बैल मागे पडला आणि सुटल्या क्षणी झेप घेणाऱ्याची किंमत चढली. आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात, त्यातही आता कोवळ्या आदतांच्या झेपेला जास्त भाव आहे असं मी बाजारात पाहतो.

आणि छकडा? चाबूक गेल्यावर वेग आणायचा कुठून, याचं उत्तर मालकांनी वजनात शोधलं. आता छकडे वेल्डिंगच्या दुकानात होतात. लोखंडी पाइप, बेअरिंगची चाकं, रबरी टायर. दोन दिवसांत तयार होतात, स्वस्त पडतात, आणि बैलाच्या मानेवर भार कमी येतो. हा खरा फायदा आहे, सुताराचा मुलगा असलो तरी तो मी मान्य करतो. पण फिटर म्हणून मला त्या पाइपांची भीती वाटते. पातळ पाइप जोडावर थकतो, आणि थकलेला जोड आधी सांगून तुटत नाही. तिवस तुटण्यापूर्वी कुरकुरायचा, ते गाडीवानाच्या पायांना कळायचं. भरधाव पळणाऱ्या छकड्याची दांडी मोडली तर बैल, गाडीवान आणि बांधावरची माणसं तिघंही धोक्यात येतात. ल माँच्या हायपरकारला किमान वजन १०३० किलो ठरवून दिलेलं आहे, म्हणजे गाडी हलकी करण्याच्या नादाला एक हद्द राहते. छकड्याला किमान वजन असावं, दांडीच्या पाइपची जाडी ठरलेली असावी, चाकांची तपासणी व्हावी, असं काही मी आमच्याकडच्या शर्यतीच्या कुठल्याही सभेत ऐकलं नाही. बैलाची तपासणी होते, गाडीची होत नाही. हा दोष सहज दुरुस्त होण्यासारखा आहे. कर्जत-खालापूरच्या आयोजकांनी ठरवलं तर पुढच्या माघात होईल.

त्यासाठी जुनी मापं लागतील. कोणता छकडा किती जाडीच्या दांडीवर किती वर्षं टिकला, हे पिढ्यांनी तावूनसुलाखून घेतलेलं ज्ञान आहे आणि ते लिहिलेलं कुठेच नाही. जे आहे ते उरलेल्या चाकांत आहे. ती चाकं आता झपाट्याने जात आहेत. नेरळपासून चौकपर्यंतच्या रिसॉर्टांच्या आणि फार्महाऊसांच्या फाटकांवर पाहा, दोन्ही बाजूंना रंगवलेली गाडीची चाकं उभी दिसतील. मुंबईहून येणारं गिऱ्हाईक चांगले पैसे देतं, माळ्यावर पडलेल्या चाकाचा घरात उपयोग नसतो, म्हणून लोक विकतात. त्यांना मी दोष देत नाही.

कर्जत-खालापुरातल्या ज्यांच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा पेंढ्याच्या उडवीमागे असं चाक किंवा जुना छकडा आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. विकायचं असेल तर विका. पण आधी तुंब्याची जाडी मोजा, आरे किती ते मोजा, धावेची रुंदी मोजा, लाकूड कोणतं ते एखाद्या जाणत्याला विचारा, आणि हे सगळं वहीत उतरवून ठेवा. आणि खाली ज्याने ते घडवलं त्याचं नाव आणि गाव लिहा.